मागे कोण जाणार?

राऊळ, काल बू राशिद दुकानात आला होता. त्याला कुणी कळवलंच नव्हतं रे. खांद्याचं ऑपरेशन आणि नंतरचे सगळे व्यायाम उरकून, हिवाळाभर जर्मनीत राहून परतला आणि थेट आपल्या काउंटरला. मला सलाम केला, तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं आणि विचारलं, "राऊळ किधर? चाय पीने गया?" काय सांगायचं मी? त्या आठवड्यात इतक्या लोकांना फोन केले, सगळ्यांना धडाधड सांगितलं, आणि ह्या म्हाताऱ्यासमोर? शेवटी नुसता हात वर केला, छताकडे. त्याला कळलं.

तो तुझ्याच स्टुलावर बसला. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, "अल्लाह यरहमा" म्हणाला. मी चहा मागवला, तो तसाच गार झाला. मग म्हणाला, "पाटील, राऊळने मेरे लिए गोली सोच के रखी थी. बोला था, वापस आओ, तब बताऊँगा. कौनसी?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे तुझं मत मला पाठ होतं, माझं तुला पाठ होतं, पण त्या म्हाताऱ्यासाठी शेवटी तू काय ठरवलंस ते मला ठाऊक नव्हतं. आपलं भांडण मिटलंच कुठे होतं? मध्येच उठून गेलास लेका तू.

आणि आता ते माझ्या गळ्यात. इथे आखातात उन्हाळा लागला की बू राशिद आफ्रिकेला निघणार, रेड्याच्या शिकारीला. आपल्या गोठ्यातला नव्हे, तिथला जंगली रेडा, जो जखमी झाला की झुडपात दबा धरून बसतो आणि मागावर आलेल्या माणसाच्या अंगावर येतो. बू राशिद सत्तरीचा, खांदा शिवलेला. ही शेवटची म्हणतो. त्याला चुकीची गोळी दिली तर एक तर जनावर हाल हाल होऊन मरणार, नाही तर म्हातारा. म्हणून हे तुला लिहितोय. माझं कधी ऐकून घेतलं नाहीस, आता तरी घे.

तुझ्या घरी वहिनी सगळ्यांना सांगायच्या, "हे खेळाच्या सामानाच्या दुकानात असतात." मराठी मंडळात कुणी विचारलं की तूही मान डोलवायचास. खोटं काय होतं त्यात? पुढे टेनिसच्या रॅकेटी, मासे पकडायचे गळ, वाळवंटात न्यायच्या खुर्च्या. आणि मागे आपली काचेची खोली, जिथे पोलिसांच्या परवान्याशिवाय कुणाला काडतुसाचं खोकंसुद्धा हातात मिळत नाही. मी फौजेतून सुटून आलेला आर्मरर, हत्यारं उघडण्यात आणि जोडण्यात अर्धं आयुष्य गेलेला. तू कुडाळकडचा, रॅकेटींना तारा ओढता ओढता एक दिवस मागच्या खोलीत आलास तो तिथलाच झालास. पहिल्याच आठवड्यात मला म्हणालास, "पाटील, तुला बंदुका कळतात. जनावर कळत नाही." अरे, आगाऊपणाला काही सीमा!

आणि ती तुझी विचारपूस. नवी कोरी लँडक्रूझर घेऊन पोरं यायची, सगळ्यात मोठी गोळी दाखव म्हणायची. तू खोक्याला हात लावायचा नाहीस. हाताची घडी घालून विचारायचास, जनावर कुठलं? किती लांबून? आणि तिसरं, मागे कोण जाणार? पहिल्या दोन्हींची उत्तरं पोरं झटक्यात द्यायची. तिसऱ्याला हसायची. "हबीबी, मागे म्हणजे?" तू सांगायचास, बार बसला आणि जनावर पडलं नाही, तसंच झाडीत शिरलं, तर त्याच्या मागे कोण जाणार? ते ठरलं नसेल तर मी गोळी देत नाही. दुकानाचा धंदा बुडवणार हा, असं म्हणून मी कपाळावर हात मारून घ्यायचो. एकदा तर मॅनेजरसमोर भांडलो आपण. पण लोक परत यायचे ते तुझ्याकडेच, हे मला तेव्हाही दिसत होतं. तुला सांगत नव्हतो इतकंच.

मग तू त्यांच्या खांद्याला रिकामी बंदूक लावायला द्यायचास आणि तोंडाकडे बघत राहायचास. घोडा ओढताना डोळे मिटले की संपलं. "एवढी मोठी नको तुला. जेवढा धक्का उघड्या डोळ्यांनी सोसतोस तेवढीच घे." मोठी गोळी चुकीच्या जागी लागण्यापेक्षा मध्यम गोळी बरोबर जागी लागलेली बरी, हे तर मलाही मान्य होतं. आपलं भांडण तिथे नव्हतंच.

भांडण होतं ते गोळी आरपार जावी की आत थांबावी, ह्याचं. सांगतो पुन्हा माझी बाजू, ऐक. मोठं जनावर, जाड कातडं, भक्कम हाडं. कडक गोळी द्या, इकडून शिरली की तिकडून बाहेर. दोन भोकं, दोन्हीकडून रक्त. पळालं तरी माग काढता येतो. तुझं म्हणणं, मऊ टोकाची घ्या, पण आतलं शिसं तांब्याच्या सालीला घट्ट चिकटवलेलं असेल अशी. आत गेली की फुलते, तुकडे होत नाहीत, सगळा जोर आतच खर्च होतो आणि जनावर चार पावलांत बसतं. "आणि पाटील, ती कळपात असतात जनावरं. तुझी आरपार गेलेली गोळी मागच्याला लागली तर? त्याला लागलंय हे कुणाला कळतसुद्धा नाही. त्याच्या मागे कोण जाणार?" झालं, आलास परत तिथेच! कुठूनही निघाला तरी गडी तिथेच यायचा.

शिवाय तुझी ती बरणी. वहिनींच्या आंब्याच्या लोणच्याची, धुऊन पुसून काउंटरच्या मागे ठेवलेली. शिकारीहून आलेली गिऱ्हाइकं मांस कापताना सापडलेली गोळी तुला आणून द्यायची. कुणी रुमालात बांधून, कुणी नुसती कंदुऱ्याच्या, त्या पांढऱ्या झग्याच्या, खिशातून. अळंबीसारखी फुललेली ती गोळी तू छोट्या काट्यावर ठेवायचास. तीनशे ग्रेन वजनाची गेली, परत किती आली? जितकी जास्त परत आली तितका खूष. "बघ पाटील, हिने सांगितलं काय झालं ते. तुझ्या गोळ्या येतात का परत सांगायला?" मी म्हणायचो, "गप बस, लोणचं घाल त्या बरणीत." आणि तू हसायचास, ते तुझं खोकल्यासारखं हसू. राऊळ, ते हसू मला काल फार आठवलं रे.

बू राशिदची गोष्ट वेगळी होती, हे तूच मला समजावलंस. बार काढताना तो बिस्मिल्ला म्हणतो, आणि शक्यतो जनावर जिवंत असतानाच तिथे पोचून स्वतःच्या हाताने सुरी फिरवायची, हा त्याचा नेम. दुसऱ्याला करू देत नाही. गुडघे गेलेले, तरी चालत जातो. त्याच्यासाठी जनावर जवळच बसलं पाहिजे. तू त्याला गोळी देताना हा सगळा हिशोब करायचास आणि तो तुझ्याकडे असा बघायचा, जसा माणूस आपल्या जुन्या वैद्याकडे बघतो. मला एकदा म्हणाला होता, "ये हिंदू आदमी है, लेकिन मेरी सुरी का खयाल ये रखता है." तुला सांगितलं होतं मी. तू कान खाजवून विषय बदललास.

तुला हा तिसरा प्रश्न कुठून चिकटला, ते त्या धुक्याच्या सकाळी कळलं. आठवतं? आपण राहतो त्या अल कुसैसहून दुकानाकडे निघालो, पुढचं काही दिसेना, गाड्या बाजूला लावून लोक थांबलेले. आपणही थांबलो. मी सहज विचारलं, तू स्वतः कधी जनावर मारलंयस का. तू काचेवरचं धुकं बोटाने पुसत राहिलास आणि मग सांगितलंस. तुमच्याकडे शेतीच्या राखणीच्या परवान्याची बंदूक होती, बापाची. रताळ्यात डुक्कर शिरलं. घरात पाखरांवरचे बारीक छर्रे तेवढे होते, तेच घातले आणि तुझ्या बाबांनी बार काढला. डुकराला लागले, ते ओरडत झाडीत गेलं. बाबा म्हणाले, जाऊ दे, मरेल तिकडेच. घरी आले, हात धुतले, जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी शेजारची लक्ष्मीकाकी गवताला गेली आणि त्या जखमी डुकराने तिची मांडी फाडली.

"जगली," तू म्हणालास. "पण मगे आजपर्यंत पाय ओढत चालते. कधी एका शब्दाने बोलली नाही आमच्या घराला." दर सुट्टीला तू गावी जाताना बाम, खजूर आणि गरम पट्टा न्यायचास, ते तुझ्या आईसाठी असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते खरं कुणासाठी, हे त्या दिवशी कळलं. धुकं विरलं, तू म्हणालास, "यल्ला, काढ गाडी," आणि आपण दुकानात येऊन पुन्हा गोळीवरून भांडलो.

आपली शेवटची संध्याकाळही भांडणातच गेली. गाडी मी चालवत होतो, सिग्नलला रांग लागलेली, तू सीट मागे करून बसलेला. मी म्हणत होतो, बू राशिदला पहिली तुझी दे हवं तर, पण पुढच्या सगळ्या कडक दे, रेडा पाठ फिरवून पळाला तर मऊ गोळी मागून आतपर्यंत पोचणार नाही. तू म्हणालास, "पुढच्या कुठल्या? त्याचा खांदा एक बार सोसेल. दुसरा नाही. जे व्हायचं ते पहिल्यात." मी चिडलो. म्हटलं, "मग जाऊच नको म्हणून सांग ना त्याला! पाय चालत नाहीत, खांदा चालत नाही. रेडा झाडीत शिरला तर मागे कोण जाणार, तुझाच प्रश्न ना हा?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "ते मी बघतो." तुझ्या बिल्डिंगपाशी उतरलास, दार नेहमीसारखं जोरात आपटलंस. त्या दारावरून मी तुला शिवी दिली. ती शेवटची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली हॉर्न मारत होतो. तू उशीर करणारा नव्हेस. मी पुन्हा हॉर्न मारला, पुटपुटलो, फोन लावला. मग तुमचा वॉचमन धावत बाहेर आला आणि माझ्या काचेवर थापा मारायला लागला. लिफ्टच्या दाराशी पडला होतास. डब्याची पिशवी हातात तशीच. बाकीचं तुला सांगत नाही.

मृतदेह मायदेशी पाठवायची तयारी करतात त्या इथल्या सोनापूरला सगळे सोपस्कार झाले, कागद झाले, तुला गोव्याच्या विमानात ठेवलं. वहिनी आणि तुझी लेक ईशा त्याच विमानाने गेल्या. मी विमानतळापर्यंत आलो, पुढे नाही. काडतुसांच्या काउंटरचा परवाना असलेले आपण दोघेच. एक गेला, दुसऱ्याला हलता येईना. तुझ्या गावी तुला खांदा द्यायला मी नव्हतो राऊळ. फौजेत किती जणांना दिला, आणि तुला नाही. हे मला सारखं टोचतंय, जेवताना, दुकान उघडताना, कधीही. कुणाला सांगितलं तर म्हणतात, तुमचा काय इलाज होता? इलाज नव्हता हे मलाही कळतं. त्याने टोचायचं थांबत नाही.

निघण्याआधी वहिनींनी मला घरी बोलावलं होतं. खोलीभर बॅगा उघड्या पडलेल्या. त्या बरणीचं काय करायचं म्हणाल्या, तुझी आठवण म्हणून गावी न्यावी का. मी म्हटलं, वहिनी, ती दुकानातच राहू दे, गोळ्या भरलेली बरणी घेऊन विमानात चढलात तर तुम्हाला मी सोडवू की राऊळला रडू? त्या हसल्या. त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या बहुतेक, आणि लगेच पदर तोंडाला लावला. मग पलंगाखालून एक खोकं ओढलं. आत बूट. घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे, झाडीत चालायचे. नवे कोरे, नाडीसुद्धा ओवलेली नाही.

"भावोजी, हे कुणाचे? ह्यांना तुम्ही ओळखता. चपलेचा अंगठा तुटला तर मोच्याकडे जाणारा माणूस. चहासुद्धा दिरहमचे रुपये करून पिणारा. ह्यांनी असले बूट घेतले?"

मला काय माहीत? मी ईशाकडे बघितलं. ती म्हणाली, "अंकल, आय डोन्ट नो. ही वॉज अ‍ॅक्टिंग वियर्ड. आर्म दुखतो म्हणाले, फ्लू शॉट घेतला म्हणून. ही नेव्हर टेक्स फ्लू शॉट्स." आणि मग ती पोर खोकं मांडीवर घेऊन रडायला लागली. वहिनी म्हणाल्या, "न्या तुम्ही हे. कुणाच्या तरी पायाला लागू देत. मला डोळ्यांसमोर नकोत." मी घेऊन आलो. गाडीच्या डिकीत टाकले आणि विसरलो म्हण, किंवा विसरायचा प्रयत्न केला म्हण.

आता काल काय झालं ते ऐक. बू राशिदने कौनसी गोली विचारलं तेव्हा मी टाळाटाळ केली. म्हटलं, आधी हे सांगा, मागे जाणार कोण? तुझाच प्रश्न तुझ्याच स्टुलासमोर उभं राहून विचारला. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला.

"तुमको नहीं बोला उसने?" तो म्हणाला. "वो आने वाला था. मेरे साथ."

"कौन?"

"राऊळ. बोला, जो गोली चुनता है, वो पीछे जाता है. मैं चुनूँगा, तो मैं आऊँगा. टिकट मैंने बोला मेरा. फोन पे बोला, बुखार वाला इंजेक्शन भी लिया, अफ्रीका का."

मी म्हटलं, तिथे परवान्याचा शिकारी असतो बरोबर, माग काढणारी माणसं असतात, त्यांचं कामच ते. म्हातारा म्हणाला, "मैंने भी यही बोला. राऊळ बोला, वो उनका काम है. ये हमारा है."

मी विचारलं, बंदूक कुठली घेणार होता? बू राशिदने मान हलवली. "नहीं. मैं बोला एक तुम भी ले लो. बोला, बंदूक नहीं. सिर्फ पीछे चलेगा."

राऊळ, अरे गाढवा! रिकाम्या हाताने? जखमी रेड्याच्या मागे? मी हसायलाच लागलो, आणि बू राशिदसमोर, बाहेरच्या काउंटरवरची ती फिलिपिनो पोरगी बघतेय, रॅकेट घ्यायला आलेली माणसं बघतायत, हसता हसता ढसाढसा रडलो. एवढा राग आला तुझा. मला सांगायला काय झालं होतं? मी अडवलं असतं म्हणून? हो, अडवलंच असतं! हात धरून बसवलं असतं, वहिनींना सांगितलं असतं, मॅनेजरला रजा नामंजूर करायला लावली असती. हे तुला पक्कं माहीत होतं. म्हणून "ते मी बघतो" म्हणालास आणि दार आपटलंस.

बू राशिदने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "खलास, पाटील. तुम मत बोलो गोली. तुम चुनोगे तो तुमको जाना पड़ेगा. मैं नहीं जाता. बूढ़ा हो गया." आणि उठून गेला. दारापाशी थांबून तुझ्या स्टुलाकडे वळून बघितलं त्याने.

सुटलो होतो की मी! गोळी द्यायची नाही, जबाबदारी नाही, म्हाताराही घरी सुखरूप. घरी गेलो, जेवलो नाही. बायको म्हणाली, डोकं दुखतंय का? राऊळ, तुझ्या मनात काय चाललं असेल, तेच घोळत राहिलं. तुला रेडा मारायचाच नव्हता. तुला एकदा, फक्त एकदा, मागे जायचं होतं. तुझे बाबा हात धुऊन जेवायला बसले, तू लहान होतास, काही करू शकला नाहीस, आणि तेव्हापासून जगभरच्या शिकाऱ्यांना तू तेच विचारत बसलास. बूट घेतलेस. इंजेक्शन घेतलंस. आणि लिफ्टच्या दारापर्यंतच पोचलास. माझ्याने हे सहन होत नाही रे.

आज सकाळी मीच बू राशिदला फोन करून बोलावलं. रिकामी बंदूक त्याच्या खांद्याला लावायला दिली आणि तू बघायचास तसा तोंडाकडे बघत राहिलो. घोडा ओढला, डोळे उघडे राहिले. पुन्हा ओढायला लावला. उघडेच. मग मी कपाटातून तुझं खोकं काढलं, मऊ टोकाची, तीनशे ग्रेनची, आत थांबणारी. काउंटरवर ठेवलं. म्हटलं, बू राशिद, ये आपका. पहिला बार ह्याचाच, आणि तो एकच.

त्याने खोक्याला हात लावला नाही. विचारलं, "और पीछे?"

मी दुसरं खोकं काढलं. माझं, कडक, आरपार जाणारं. म्हटलं, ये मेरा. मैं राऊळ जैसा पागल नहीं हूँ, मैं खाली हाथ नहीं आऊँगा.

म्हाताऱ्याने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. कोल्हापूरच्या माणसाला असलं काही जमत नाही, मी आपला बंदुकीचा दस्ता पुसत राहिलो.

तेव्हा असं ठरलंय. उन्हाळ्यापर्यंत अबूधाबीच्या शाखेतून परवाना असलेला माणूस येतोय काउंटरला, मॅनेजरशी बोललोय. बायको दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. गुडघे माझेही काही फार शाबूत नाहीत, आणि खरं सांगू, भीती वाटते. फौजेत वाटली नाही इतकी वाटते. रेडा पहिल्या बारात बसला तर तू जिंकलास, मी कबूल करीन, मोठ्याने करीन, तिथल्या झाडीत उभा राहून. नाही बसला तर मी जाईन मागे. आणि आतली गोळी सापडली तर आणून तुझ्या काट्यावर ठेवीन. वजन मात्र मी करणार. तुझ्या बाजूने एक ग्रेनही जास्त धरणार नाही, सांगून ठेवतो.

मघाशी वहिनींचा फोन आला होता. उद्या तुझं तेरावं. लक्ष्मीकाकी काठी टेकत येऊन बसल्या होत्या म्हणाल्या, सकाळपासून, काही न बोलता. मग इकडचं तिकडचं झालं, आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "भावोजी, ते बूट दिलेत का कुणाला?"

मी म्हटलं, "दिले वहिनी."

"बसले त्याला?"

"थोडे मोठे होतात."

मला वाटलं, त्यांना कळलं बहुतेक, त्यांचा श्वास तसा ऐकू आला. मग हळूच म्हणाल्या, "मग त्याला सांगा, दोन मोजे घालून जा. आणि परत येऊन मला सांग म्हणावं."